पहिलं दहिवर आणि परसबागेची शेवटची काढणी

परसबागेत शरद ऋतूतली सगळी धावपळ एका तारखेभोवती फिरते. ती तारीख म्हणजे पहिलं दहिवर, पानांवर दव गोठण्याची पहिली रात्र. हवामानाच्या तक्त्यात ती "सरासरी" म्हणून दिलेली असते. सरासरी याचा अर्थ साधारण निम्म्या वर्षांत दहिवर त्याआधीच येऊन जातं. त्यामुळे मी वहीत एकाऐवजी तीन तारखा लिहितो: दहापैकी एका वर्षी जेव्हा दहिवर येऊन गेलेलं असतं ती, सरासरीची, आणि दहापैकी नऊ वर्षांत येऊन गेलेलं असतं ती. पहिल्या आणि तिसऱ्या तारखेत तीन-चार आठवड्यांचं अंतर सहज असतं. टोमॅटो, वांगी, काकडी यांचं नियोजन पहिल्या तारखेवर करायचं. कोबी, पालक, गाजर यांच्यासाठी तिसरी तारीखसुद्धा फारशी मोठी गोष्ट नाही.

पेरणीचा हिशोब या तारखेपासून उलटा करायचा. बियाण्याच्या पाकिटावरचे दिवस वाढत्या दिवसांच्या हंगामातले असतात. शरदात दिवस लहान होतात, ऊन तिरपं पडतं आणि तेच पीक दोन आठवडे जास्त घेतं. म्हणून पाकिटावरच्या आकड्यात १४ दिवस मिळवायचे आणि तोडणी जितके दिवस चालणार तेही धरायचे. समजा आपण धरलेली तारीख २० ऑक्टोबर आहे. फरसबीचे ५५ दिवस, उशिराचे १४, तोडणीचे १४, एकूण ८३. मागे मोजलं की २९ जुलै येतो. त्यानंतर पेरलेल्या फरसबीला फुलं लागतील, शेंगा मात्र हाती लागण्याची खात्री नाही. पालकाला थंडीची भीती नसल्याने तोडणीचे दिवस धरावे लागत नाहीत: ४५ अधिक १४, म्हणजे २२ ऑगस्ट. दक्षिण गोलार्धात महिने बदलतात, हिशोब तोच. टोमॅटो आणि कोबीच्या पाकिटावरचे दिवस बहुतेक वेळा रोप लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नव्हेत. रोपवाटिकेतले चार-सहा आठवडे वेगळे मोजा. आणि दिवसाचा उजेड दहा तासांच्या खाली गेला की पालेभाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. झाड जिवंत राहतं, पण खुडलेल्या पानाच्या जागी नवीन पान येत नाही. तोवर झाड खुडण्याजोगं झालेलं असेल तरच ते पुढे उपयोगाचं.

दहिवराच्या सात आठवडे आधी भोपळ्याच्या वेलाकडे बघायला लागतो. फळ धरल्यापासून पक्कं व्हायला ४५ ते ५५ दिवस लागतात. म्हणून या सुमाराला आलेली नवी फुलं आणि लिंबाएवढी फळं काढून टाकायची आणि वेलाचा शेंडा खुडायचा. टोमॅटोचा नंबर पाच आठवडे आधी. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा आता उमलणारं फूल नुसतं झाडाची ताकद खातं. प्रत्येक फांदीचा वाढता शेंडा शेवटच्या चांगल्या घोसाच्या वर दोन पानं ठेवून खुडायचा, फुलांचे तुरे काढायचे. खालची पिवळी, डागाळलेली पानं काढा, पण हिरवी पानं ओरबाडून झाड उघडं करू नका. फळाला ऊन लागून ते लवकर पिकतं हा गैरसमज आहे. फळ पोसतं पानांच्या जोरावर आणि पिकतं तापमानावर. या कामात हात आखडला की शेवटी घरात येतात सुपारीएवढ्या, कधीही न पिकणाऱ्या फळांच्या पाट्या.

आता थर्मामीटर. माझ्या मते सगळ्या सामानात हीच एक वस्तू खरोखर लागते. हवामान केंद्राचं तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेलं असतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आकाशाकडे उष्णता सोडत राहतात, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि पान तर त्या हवेहूनही थंड. अंदाजात ४ अंश लिहिलेलं असताना वाफ्यात पानावर शून्य असू शकतं, ते यामुळे. (इथले सगळे अंश सेल्सिअस.) कमाल-किमान नोंदवणारा साधा थर्मामीटर वाफ्यात, झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, उघड्या आकाशाखाली ठेवायचा. दहिवराच्या अपेक्षित तारखेच्या तीन आठवडे आधीपासून रोज सकाळी दोन आकडे लिहायचे: अंदाजातलं किमान आणि आपलं किमान. शेजारी आकाश निरभ्र होतं की ढगाळ, वारा होता की नाही, हे एका शब्दात. पंधरवड्यात आपल्या बागेचा फरक दिसायला लागतो. ढगाळ रात्री तो अर्धा-एक अंशच निघतो, निरभ्र आणि शांत रात्री तीन-चार. पुढचे सगळे निर्णय या दुसऱ्या आकड्यावर घ्यायचे. दोन वाफे वेगळ्या उंचीवर असतील तर दोन थर्मामीटर लावा. थंड हवा जड असते, उतारावरून वाहत खाली येते आणि खोलगट जागी साठते. उताराला आडवी भरीव भिंत किंवा दाट कुंपण असेल तर त्याच्या वरच्या अंगाला तिचं डबकं होतं. तिथे दोन-तीन हात रुंद फट ठेवली तरी फरक पडतो. दिवसभर ऊन खाणाऱ्या दगडी किंवा विटांच्या भिंतीलगतचं झाड मात्र बाकीच्यांपेक्षा बरेच दिवस टिकतं.

संध्याकाळी ठरवायचं कसं? सूर्यास्ताला तीन गोष्टी बघायच्या. आकाश निरभ्र आहे का. वारा पडला आहे का. ताशी आठ-दहा किलोमीटरचा वारासुद्धा वरची उबदार हवा खाली मिसळतो आणि वाफा वाचवतो. आणि तिसरी गोष्ट दवबिंदू, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसायला लागते ते तापमान. तो बहुतेक हवामान ॲपमध्ये दिलेला असतो. वाफेचं पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे अडीच किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, त्यामुळे दवबिंदूपाशी पोहोचलं की तापमानाची घसरण मंदावते. संध्याकाळी दवबिंदू ६-७ अंश असेल तर, रात्री कोरड्या हवेची नवी लाट आली नाही तर, मी निवांत असतो. तो शून्याखाली असेल, आकाश मोकळं असेल आणि पान हलत नसेल, तर अंदाजात ५ लिहिलं असलं तरी आच्छादन बाहेर काढतो. कोरड्या हवेत एक फसगत आणखी आहे. पानावर पांढरे कण दिसतच नाहीत, पण आतलं पाणी गोठतं. सकाळी सगळं ठीक वाटतं आणि दुपारी झाड काळं पडतं.

हे सगळं वारा नसलेल्या रात्रीच्या दहिवराचं. दुसरा प्रकार म्हणजे थंड हवेची लाटच वाऱ्यासकट येते, दिवसाही तापमान वर येत नाही. अशा वेळी साठवलेली उष्णता वारा घेऊन जातो आणि साधं आच्छादन फार पुरत नाही. नाजूक पिकं सरळ काढून घ्यावीत.

काय काढायचं, काय झाकायचं आणि काय तसंच ठेवायचं, ही यादी आधीच करून ठेवा. अंधार पडताना विजेरी तोंडात धरून ठरवायची ती गोष्ट नाही. बेसिल सगळ्यात आधी. ते दहिवराची वाटसुद्धा बघत नाही, तापमान ४-५ अंशांवर आलं की पानं काळी पडायला लागतात. कापून देठ पाण्यात बुडवून खोलीत ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही, तिथेही ते काळंच पडतं. नंतर काकडी, झुकिनी, फरसबी. यांना झाकून फार काही मिळत नाही, कारण रात्री १० अंशांखाली जायला लागल्या की त्यांची वाढ तशीही संपलेली असते. वांगी आणि ढोबळी मिरची आकाराने पुरेशी झालेली काढून घ्या, लहान फळांसाठी झाड झाकलं तरी चालेल. वाळवायच्या शेंगा अजून ओलसर असतील तर झाड मुळासकट उपटून, छपराखाली हवेशीर जागी उलटं टांगा. दाणे शेंगेतच भरून वाळतात. बटाट्याचा पाला गेला तर जाऊ द्या. उलट पाला मेल्यावर कंद दोन आठवडे जमिनीतच ठेवले की साल पक्की होते. माती गोठण्याआधी काढले म्हणजे झालं.

रताळ्याच्या बाबतीत मात्र उशीर करू नये. माती १२-१३ अंशांखाली गेली की कंदाला आतून इजा होते, जी बाहेरून दिसत नाही. साठवणीत तो कुजतो किंवा शिजवल्यावर गाभा कडकच राहतो. वेलाला दहिवर लागलंच तर वेल त्याच दिवशी जमिनीलगत कापायचा आणि कंद लगेच काढायचे. काढल्यावर धुवायचे नाहीत. २९-३० अंश आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रतेत चार ते सात दिवस ठेवले की खरचटलेल्या जागी नवीन साल धरते आणि गोडीही वाढते. मग साठवण १३ ते १५ अंशांवर. फ्रीज वर्ज्य.

झाकायचं ठरलं तर उद्देश डोक्यात पक्का हवा: आच्छादन स्वतः ऊब देत नाही, जमिनीतून वर येणारी उष्णता अडवतं. त्यातून बाकीचे नियम आपोआप निघतात. कापड चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडांवर माती, विटा किंवा वाळूच्या पिशव्या हव्यात. झाडाच्या डोक्यावर कापड टाकून खोडाला बांधलं तर जमिनीची ऊब बाहेरच राहते, त्याचा काही उपयोग नाही. झाकायचं सूर्यास्ताच्या आधी, माती अजून कोमट असताना. रात्री दहाला झाकलं तर निघून गेलेली उष्णता परत येत नाही. १७ जीएसएमचं (दर चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर टाकायचं हलकं कापड, साधारण एक-दीड अंश देतं, ३० जीएसएमचं दोन-तीन, ५० जीएसएमचं तीन-चार. जाड कापड उजेड अडवतं, म्हणून ते फक्त रात्रीपुरतं. जुन्या चादरी चालतात, पण पावसाने किंवा दवाने भिजल्या की जड होऊन फांद्या मोडतात, म्हणून खाली कमानी हव्यात. पॉलिथिन पानाला चिकटलं की चिकटलेल्या जागीच पान गोठतं. वापरायचंच असेल तर कमानींवर, पानांपासून चार बोटं दूर.

जमिनीत ऊब असेल तरच हे जमतं, आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत ती साठत नाही. दहिवराच्या दिवशी दुपारी बारापर्यंत वाफ्याला पाणी द्यावं, वरची वीतभर माती ओली होईल इतकं. पानांवर नको. आता उलट वाटणारी गोष्ट. नाजूक पिकांच्या बुडाशी वाळलेल्या पाल्याचं किंवा पेंढ्याचं आच्छादन असेल तर ते आदल्या दिवशी बाजूला करा. तो थर दिवसा मातीला तापू देत नाही आणि रात्री तिची ऊब वर येऊ देत नाही, त्यामुळे त्याच्या वरची पानं उघड्या मातीवरच्या पानांपेक्षा जास्त गारठतात. त्याच कारणासाठी दहिवराच्या आठवड्यात वाफा खुरपून मोकळा करू नये. कव्हरखाली पाण्याने भरलेले काळे कॅन ठेवले तर चांगला आधार होतो. एक लिटर पाणी एक अंशाने थंड होताना सुमारे ४.२ किलोज्यूल देतं, आणि गोठायला लागलं तर लिटरमागे ३३४. कॅन दिवसभर उन्हात हवेत, संध्याकाळी भरून आत ठेवलेल्या गार पाण्याचा फायदा थोडा.

रात्रभर फवारे चालू ठेवून झाडं वाचवण्याबद्दल बरंच बोललं जातं. पाणी गोठताना उष्णता सोडतं हे खरं आहे, पण ते सतत गोठत राहिलं तरच. फवारा पहाटे तीनला बंद पडला तर ओलं पान बाष्पीभवनाने आणखी गार होतं, आणि बर्फाच्या ओझ्याने टोमॅटोचे मांडव बसतात तो भाग वेगळा. घरच्या बागेत या वाटेला जाऊ नये.

रात्रीचं किमान तापमान मध्यरात्री नसतं. ते सूर्योदयाच्या सुमारास, बऱ्याचदा थोडं नंतर येतं. म्हणून उजाडलं की कव्हर ओढून काढू नका. आतल्या थर्मामीटरवर ४-५ अंश दिसले की काढा, पण कडक उन्हात दुपारपर्यंत ठेवूही नका. कापड वाळवून मगच घडी घाला, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीचे डाग आणि भोकं.

दहिवर लागलेलं पान सकाळी गडद हिरवं, पाण्यात भिजल्यासारखं, अर्धपारदर्शक दिसतं. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत होतो, पेशींतलं पाणी बाहेर खेचतो आणि पेशींची आवरणं फाटतात. दुपारपर्यंत पान लोंबतं, दुसऱ्या दिवशी काळं. पण उणे एक-दोन अंशांच्या हलक्या दहिवरात वरचीच पानं जातात आणि आतल्या फांद्या, फळं शाबूत राहतात. अशा झाडाची लगेच छाटणी करू नका. वरची मेलेली पानं पुढच्या रात्री खालच्यांना आडोसा देतात. पहिल्या दहिवरानंतर दोन-तीन आठवडे पुन्हा उबदार जाण्याचा प्रकार बऱ्याच ठिकाणी होतो. दहिवराच्या त्या एक-दोन रात्री झाकून काढल्या की टोमॅटो आणि मिरची पुढे बरंच देतात. झाकण्याचा सगळा खटाटोप या दिवसांसाठी. मात्र पुढच्या दहा दिवसांत दिवसाचं तापमान १५ अंशांवर जाणारच नसेल, तर झाकून नुसतं झाड जगतं. मग सगळं काढून घेतलेलं बरं.

टोमॅटो काढताना तीन ढीग करायचे. रंग धरलेले, म्हणजे टोकाशी गुलाबी झाक आलेले, घरात कुठेही पिकतात. दुसरा ढीग पूर्ण वाढलेल्या हिरव्यांचा: रंग फिकट, साल चकचकीत, टोकाशी पांढुरकी चांदणी. शंका असेल तर एक कापून बघा. आत बियांभोवती गर सैल, जेलीसारखा असेल आणि सुरीने बी न कापता घसरत असेल, तर त्या आकाराची बाकीची पिकतील. बिया सुरीने कापल्या जात असतील तर तो तिसरा ढीग, तो हिरवाच वापरायचा. देठ काढून टाका, शेजारच्या फळाला टोचतात. धुऊ नका. खोक्यात एकाच थरात, एकमेकांना न टेकता ठेवा. १८ ते २१ अंशांवर हिरवी फळं साधारण दोन आठवड्यांत पिकतात, १३-१४ अंशांवर तीन-चार आठवड्यांत. १० अंशांखाली ठेवलं की रंग अर्धवट येतो आणि चव येत नाही. ३० अंशांवर लाल रंग तयार होणं थांबतं. उजेडाची गरज नाही, खिडकीत मांडून काही साधत नाही. लवकर हवी असतील तर खोक्यात एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद ठेवा, त्यातून निघणारा इथिलीन हा फळं पिकवणारा वायू काम करतो. एक दिवसाआड तपासून मऊ पडलेलं फळ काढायचं.

दहिवर लागलेल्या टोमॅटोवर काचेसारखे डाग दिसतात. तो भाग कापून बाकीचं त्याच दिवशी वापरा. दहिवराने मेलेल्या वेलावरचे टोमॅटो बरणीबंद करून साठवू नका. त्यांची आम्लता कमी झालेली असू शकते आणि सुरक्षित साठवण त्या आम्लतेवरच उभी असते.

भोपळ्याला नख रोवून पाहायचं. साल दबली नाही, नखाचा नुसता ओरखडा उठला, तर तो तयार. देठ दोन-तीन इंच ठेवून धारदार कात्रीने कापा आणि देठाला धरून उचलू नका. देठ निखळला की त्या खळग्यातूनच सड सुरू होते. वेलावर पानं असताना हलकं दहिवर फळाला फारसं लागत नाही, पण उणे दोनच्या आसपास साल गोठते, आणि १० अंशांखालच्या रात्री एकामागून एक साठत गेल्या तरी टिकाऊपणा घटतो. काढल्यावर २७ ते २९ अंशांत दहा दिवस, मग १० ते १३ अंशांत, कोरड्या जागी, एकमेकांना न टेकता. एकॉर्न या लहान भोपळ्याच्या जातीला ही ऊब द्यायची नाही, तिचा दर्जा त्याने उतरतो.

केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), कोबी, पालक, बीट, गाजर यांच्याकडे दहिवरानंतर वळायचं. थंडीत ही पिकं साखर साठवतात, त्याने पेशीतल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि आपल्याला गोडी मिळते. फक्त गोठलेली पानं सकाळी खुडू नका. हात लागताच पेशी चिरडतात आणि पान काळपट, लिबलिबीत होतं. दुपारी पान सैल झालं की खुडा. लेट्यूस हलकं दहिवर सोसतं, फुलकोबीचा गड्डा मात्र डागाळतो, त्यावर आतली पानं दुमडून बांधा.

गाजरं जमिनीतच ठेवायची असतील तर आधी वर आलेल्या डोक्यांवर माती ओढा, मग हातभर जाड वाळलेला पाला आणि वर जाळी, नाहीतर वारा घेऊन जातो. आता मात्र आच्छादन हवंच, कारण इथे माती गोठू द्यायची नाही. काढून ठेवायची असतील तर पाला बोटभर ठेवून कापा आणि ओलसर वाळूत, शून्याच्या जवळ, थरांनी ठेवा. सफरचंदांच्या शेजारी नको, इथिलीनने गाजर कडू होतं.

रिकाम्या झालेल्या एखाद्या वाफ्यात लसूण लावतो. पहिल्या दहिवरानंतर दोन-तीन आठवड्यांनी, पण जमीन गोठण्याच्या किमान चार आठवडे आधी: पाकळीचं टोक वर, डोक्यावर दोन इंच माती, दोन पाकळ्यांत सहा इंच. मुळं धरली पाहिजेत, पात फार वर यायला नको. वाफ्यात टोमॅटोवर करपा असेल तर त्या वेली कंपोस्टमध्ये न टाकता बागेबाहेर काढा. फरसबीचं खोड जमिनीलगत कापा आणि मुळं आतच कुजू द्या.